राणीछाप रुपये विकायचेत, आधी चिंचेने घासून घेऊ का?

नाशिककर_मेघा: नमस्कार. आजीच्या डब्यात १८६२ चे काही राणीछाप रुपये आणि पंचम जॉर्जचा १९११ चा एक रुपया मिळाला. सगळे काळे पडलेत. एका राणीछापला माळेसाठी डाग देऊन (सोल्डर करून) कडी लावली आहे. विकण्याआधी चिंच किंवा टूथपेस्टने चमकवू का? सराफ वजनावरच भाव सांगतोय.

जुनी_नाणी: मेघाताई, हात जोडतो, घासू नका! तो काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर बसलेला थर. संग्राहकाला तो चालतो, एकसारखा निळसर-जांभळा असेल तर आवडतोसुद्धा. घासल्याने बारीक रेघा पडतात आणि टांकसाळीची मूळ झळाळी जाते, ती परत आणता येत नाही. प्रतवारी करणाऱ्या मोठ्या संस्था १ ते ७० मध्ये गुण देतात, पण खराब घासलेल्या नाण्याला गुण न देता नुसता शेरा मारतात. भाव तिथेच कोसळतो.

सराफाचं गणित झिजलेल्या राणीछापपुरतं ठीक आहे. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे जेमतेम १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १८६२ हे साल १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर तसंच ठेवलं होतं, त्यामुळे ही नाणी भरपूर आहेत. पण मुकुटाचे मणी आणि केसांच्या बटा टोकदार असतील तर वजनावर मुळीच देऊ नका. मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या काही रुपयांवर सालाजवळचे ठिपके मोजून प्रकार ठरतो. झिजेत ठिपके गेले की ती ओळखही गेली.

नाशिककर_मेघा: आणि १९११ चा? कडी काढून घेऊ?

सह्याद्री_संग्रह: कडी राहू द्या. काढली तरी डागाची खूण उरते, ते नाणं चांदीच्याच भावात जाईल. १९११ चा मात्र जपा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. भिंगाखाली तो हत्ती आणि राजाची दाढी बघा, तिथे झीज लवकर कळते.

नाशिककर_मेघा: हत्तीचे पाय स्पष्ट आहेत! फोटो टाकते.

सह्याद्री_संग्रह: फ्लॅश बंद ठेवा, दिवसाच्या उजेडात काढा. नाणं कडेने धरून हळूहळू तिरकं करा. झळाळी शिल्लक असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावरून फिरताना दिसेल. तोवर पीव्हीसीच्या मऊ पाकिटात घालू नका, हिरवट चिकट डाग पडतात.