बुलेट ३५० गरम झाली की आयडलला (रेस न देता उभी असताना) टिकत नाही, कार्बचं (कार्बोरेटरचं) कुणी सांगेल का?

मिरजेचा बुलेटवाला
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, पॉइंटवाली (पॉइंट उघडले की ठिणगी पडते ती जुनी पद्धत), मिककार्ब व्हीएम २४ कार्ब. ते गेल्यावर चार वर्षं गाडी शेडमध्येच उभी होती, दिवाळीत बाहेर काढली. थंड असताना दोन किकमध्ये सुरू होते, छान डगडगते. आठ-दहा किलोमीटर झाले की सिग्नलला रेस आपोआप चढते, मग एकदम पडते आणि गाडी बंद. एका गॅरेजात दोनदा कार्ब साफ करून घेतला. दोन्ही वेळा दोन दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. आता म्हणतात नवीन कार्ब टाका. वडिलांनी वीस वर्षं हाच कार्ब स्वतःच्या हाताने लावला, त्यामुळे उगाच काढवत नाही. सुरुवात कुठून करू?

आरडीप्रेमी
चार वर्षं उभी होती म्हणजे स्लो जेट (आयडलला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) चोंदलेला असणार. नुसता बाउल (कार्बखालची पेट्रोलची वाटी) उघडून पुसला असेल तर काही उपयोग नाही. जेट काढून उजेडाकडे धरा, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. आणि टाकीत गंज असेल तर आधी तो काढा, नाहीतर तिसऱ्यांदा कार्ब उघडावा लागेल.

जुना फिटर
दादा, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट फार मोलाची आहे: रेस *आपोआप चढते*. पेट्रोल जास्त होत असेल तर गाडी घुसमटते, काळा धूर देते, आयडल हळूहळू खाली येतं. चढून मग पडते म्हणजे बहुतेक कुठूनतरी हवा खाते आहे. हवेचा स्क्रू कितीही फिरवला तरी हे बरं होणार नाही. म्हणूनच दोन दिवसांत मूळ पदावर येते.

कार्ब सगळ्यात शेवटी धरायचा. आधी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ) बघा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली खेळ नको. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडल जातं. मग पॉइंट, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) जुना असेल तर बदलून टाका, गरम झाल्यावरच दगा देणारी ती वस्तू आहे. बॅटरीही बघा. आयडलला हेडलाइट लावल्यावर अँपिअर मीटरचा काटा मायनसला जात असेल आणि बॅटरी अशक्त असेल, तर ठिणगीच कमजोर पडते.

हे सगळं ठीक असेल तर गाडी गरम करून आयडलला ठेवा आणि कार्ब जिथे हेडला बसतो तिथे पिचकारीने थोडं साधं पाणी मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून बघायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. दुसरी खूण म्हणजे गरम गाडीत चोक थोडा ओढल्यावर आयडल सुधारलं, तर मिश्रणात हवा जास्त आहे.

जुन्या बुलेटमध्ये हमखास घडणारी गोष्ट अशी: कुणीतरी नट फार आवळतो, फ्लँजचे (कार्बचा हेडला बसणारा सपाट भाग) दोन्ही कान हेडकडे वाकतात आणि मधे फट राहते. कार्ब काढून फ्लँज जाड काचेवर ठेवा, मधून फीलर गेजचं (फट मोजायचं साधन) पातं सरकतं का बघा.

पुणेकर ३५०
आणखी एक भर. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे १९८४ च्या जेटवर मिश्रण मुळातच थोडं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. शिवाय इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करा आणि बाउल रिकामा करून ठेवा.

मिरजेचा बुलेटवाला
फिटरकाका, टॅपेट आणि पॉइंट तुम्ही सांगितलं तसे केले. एक्झॉस्टचा टॅपेट खरंच घट्ट होता. पाणी मारल्यावर आवाज लगेच बदलला. काचेवर ठेवलं तर पातं मधून आरपार! काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठ आकड्यात घासून सपाट केला, नवीन गास्केट घातलं. आता बंद पडत नाही, पण सेटिंग पार बिघडलंय. ते कसं करू?

जुना फिटर
वा, वाचून फार बरं वाटलं. नट पुन्हा आवळताना दोन्हीकडे थोडं थोडं, हाताचा अंदाज ठेवून.

आता सेटिंग. आधी दहा किलोमीटर फिरवून आणा, थंड इंजिनवर लावलेलं आयडल खोटं असतं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. रेस चढत असेल तर ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे, तिला दोन-तीन मिमी सैल द्या. व्हीएम २४ मध्ये मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ, आत घातला की जाड. (जिथे स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो तिथे नेमकं उलटं.) तो अलगद पूर्ण आत बसवा, जोर नको, टोक खराब होतं. मग दीड आटा (फेरा) बाहेर. आयडल स्क्रूने रेस थोडी वर ठेवा. हवेचा स्क्रू पाव आटा फिरवायचा, पाच-सात सेकंद थांबायचं, ऐकायचं. रेस जिथे सगळ्यात वर आणि गुळगुळीत लागेल तिथे सोडा, आयडल स्क्रूने खाली आणा, आणि हे एकदा पुन्हा करा.

ती जागा अर्ध्या आट्याच्याही आत येत असेल तर स्लो जेट लहान पडतोय. २५ असेल तर २७.५ घालून बघा. अडीच-तीन आट्यांवर जात असेल तर मोठा आहे. शेवटी रेस देऊन सोडा. रेस वर लटकून उशिरा उतरली तर पातळ, खाली बुडून अडखळली तर जाड.

आणि एक आग्रहाची विनंती. एकेक ठोका मोजता येईल इतकं आयडल खाली आणू नका. ऐकायला गोड लागतं हे मलाही माहीत आहे, पण या इंजिनाचा ऑइल पंप क्रँकच्याच फिरण्यावर चालतो. फेरे कमी तितकं वर जाणारं तेल कमी.

आरडीप्रेमी
माझ्या राजदूत ३५० ला दोन कार्ब, त्यामुळे आधी दोन्ही स्लाइड (ॲक्सिलरेटरने कार्बमध्ये वर-खाली होणारा भाग) एकदमच उचलल्या जातात का हे बोटं लावून बघावं लागतं, मगच स्क्रू. आणि टू-स्ट्रोकवाल्यांनी क्रँकचं सीलही तपासा, तिथूनही हवा जाते आणि रेस अशीच वेड्यासारखी चढते.

मिरजेचा बुलेटवाला
एक आटा आणि पाव, तिथे सापडली जागा! काल सांगलीला जाऊन आलो, सगळ्या सिग्नलना एकसारखी डगडगत उभी राहिली. आईने अंगणातून आवाज ऐकला आणि म्हणाली, तुझे बाबा लावायचे तशीच लागली. प्लग काढून बघितला, फिकट तपकिरी आहे. काका, स्लाइड हाताने हलवली तर थोडी खुळखुळते, चालेल का?

जुना फिटर
प्लगचा रंग अगदी बरोबर. चाळीस वर्षांत स्लाइड इतकी झिजणारच. आयडल स्थिर आहे तोवर चालवा. पुढे स्क्रूची जागा दर आठवड्याला बदलायला लागली तर आधी नुसती स्लाइड नवीन घालून बघा, बॉडी तीच ठेवा.