पोलिसांच्या गोळीबारानंतर आमच्या संस्थेने काय करावे? अमेरिकेत संस्थात्मक काम केलेल्यांचे अनुभव हवेत

अंगणवेल (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका शहरात मी एका लहान सेवाभावी संस्थेची कार्यकारी संचालक आहे. शाळा सुटल्यावरचा अभ्यासवर्ग आणि आठवड्यातून दोन दिवस शिधावाटप हे आमचे काम. पगारी माणसे सहा, बाकी सगळे स्वयंसेवक. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. विश्वस्त मंडळावर मात्र नऊ जणांत एकच कृष्णवर्णीय सदस्य आहे, आणि या पदावर येऊन तीन वर्षे झाली तरी मला ते बदलता आलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

दहा दिवसांपूर्वी आमच्या केंद्रापासून चार चौकांवर पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण गेला. त्याचा धाकटा भाऊ आमच्या मंगळवारच्या वर्गात येतो. त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी तो आला, नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि त्याने वही पुढे केली. अपूर्णांकांचा गृहपाठ त्याने पूर्ण करून आणला होता. शिक्षिकेने तो तपासला, दोन चुका दाखवल्या, आणि मग आत स्वयंपाकघरात येऊन ती बराच वेळ रडत राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही संस्थेच्या वतीने एक निवेदन तयार केले. परिसरातील दुःखद घटनेने आम्ही व्यथित झालो आहोत आणि सर्व संबंधितांच्या दुःखात सहभागी आहोत, असा त्याचा आशय होता. शिधावाटप सांभाळणाऱ्या आमच्या कृष्णवर्णीय सहकारी तेथे अकरा वर्षे आहेत. त्यांनी तो कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि विचारले, "यात तो मुलगा कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते आणि निवेदन तसेच पडून आहे.

विश्वस्त मंडळात दोन तट पडले आहेत. पोलिसांविषयी काही बोललो तर करसवलत जाईल, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. काहींना देणगीदार दुरावतील अशी धास्ती वाटते, तर काहींना आजच्या आज कडक शब्दांत निषेध हवा आहे. त्यातच अनोळखी लोकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली आहे, आणि ते कशासाठी खर्च करायचे हे कोणीच ठरवलेले नाही. मी पुण्यात वाढले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी येथे आले. या दुःखावर बोलण्याचा मला किती अधिकार आहे, हा प्रश्नही मनातून जात नाही. ज्यांनी असे दिवस जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

लेकस्ट्रीटकर

ताई, २०२० साली मी मिनिआपोलिसमध्ये लेक स्ट्रीटजवळच्या एका छोट्या संस्थेत कामाला होतो, म्हणून लिहितो.

२५ मे रोजी ३८वा रस्ता आणि शिकागो अॅव्हेन्यूच्या चौकात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या मानेवर पोलीस अधिकाऱ्याने ९ मिनिटे २९ सेकंद गुडघा दाबून धरला आणि त्यांचा जीव गेला. २८ मेच्या रात्री तिसरे पोलीस ठाणे पेटले. लेक स्ट्रीटवरची किराणा दुकाने आणि औषधांची दुकाने जळाली किंवा बंद पडली, शहरातल्या बसही थांबल्या. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांच्यासाठी रातोरात जवळपास काहीच उरले नाही. आमच्या दाराशी जे आले, त्यांनी निवेदन मागितले नाही. एका आजींनी विचारले, "इन्सुलिन ठेवायला तुमच्याकडे चालू फ्रिज आहे का?" आम्ही दुधाचे डबे बाहेर काढून त्यांना एक कप्पा रिकामा करून दिला. त्या आठवड्यात मला सुचलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

त्याच दिवसांत सॅनफर्ड मिडल स्कूलने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांसाठी शिध्याच्या ८५ पिशव्या मागितल्या. आल्या हजारो. मोटारींची रांग कित्येक चौक मागे गेली आणि उरलेला शिधा ठिकठिकाणी पाठवावा लागला. ती माणुसकी पाहून माझा ऊर भरून आला होता. पण संस्था चालवणाऱ्यांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी, की ज्या शाळेला आपल्या मुलांच्या घरी काय नाही हे ठाऊक होते, तिनेच नेमका आकडा मागितला होता. लोकांची देण्याची इच्छा पुरासारखी येते, आणि त्या पुराला वाट काढून देणारे माणूस परिसरातले असावे लागते.

तेथून थोड्याच अंतरावर फ्रँकलिन अॅव्हेन्यूवर मूळनिवासी समाजाच्या लोकांनी रात्रीची गस्त घातली. त्यांना कोणी नेमले नव्हते. त्याच रस्त्यावर पोलिसांच्या वागण्यावर नजर ठेवण्यासाठी १९६८ साली अमेरिकन इंडियन मूव्हमेंट या मूळनिवासींच्या चळवळीने गस्त सुरू केली होती, आणि ती आठवण घराघरांत जिवंत होती. पाऊ वाऊ ग्राउंड्स या कॉफीच्या दुकानाला लागूनच शिध्याचे वाटप सुरू झाले. मूळनिवासी तरुणांसाठी १९७७ पासून काम करणाऱ्या मिगिझी या संस्थेची, नुकतीच नव्याने उभी केलेली इमारत त्याच आगींत गेली. तिचे काम मात्र थांबले नाही. मिगिझीच्या जवळच, लेक स्ट्रीटलगत, बांगलादेशातून आलेल्या रुहेल इस्लाम यांचे 'गांधी महल' हे उपाहारगृह होते. जखमी निदर्शकांवर उपचार करायला त्यांनी तेथील एक खोली उघडून दिली होती. तेही जळाले, तेव्हा माझी इमारत जळू दे, पण न्याय झाला पाहिजे, असे ते म्हणाले. तुम्ही अधिकाराविषयी विचारता म्हणून हे सांगितले. ते येथले नव्हते, असे त्या परिसरात कोणीही म्हटले नाही, कारण बारा वर्षे त्यांचे दार उघडे होते.

तुमच्या शिधावाटपाच्या सहकारी अकरा वर्षे तेथे आहेत. पुढचे पाऊल त्यांना विचारून टाका, आणि विचारल्यावर त्यांचे ऐका.

मध्यममार्गी

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मी पूर्ण आदराने मांडतो. ओहायोमध्ये एका संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी आठ वर्षे होतो. आम्ही अशाच प्रसंगी निवेदन काढले. एका मोठ्या देणगीदाराने पुढच्या वर्षीची रक्कम थांबवली आणि आम्हाला शनिवारचा वर्ग बंद करावा लागला. त्या वर्गात येणारी मुलेही बहुतांश कृष्णवर्णीयच होती. न्यायालय आणि रस्त्यावरची चळवळ आपापले काम करतात. तुमचे काम शिधा आणि अभ्यास हे आहे, आणि ते अखंड चालणे हाच त्या कुटुंबांना मोठा आधार आहे. शब्दांची किंमत त्या मुलांनी का मोजावी, याचे उत्तर आधी शोधावे, असे मला वाटते.

ताळेबंद

मी हिशेबनीस आहे आणि अनेक लहान संस्थांची पत्रके भरतो. खजिनदारांची भीती मी दर वर्षी ऐकतो, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

सेवाभावी संस्थांना करसवलत देणाऱ्या कलम ५०१-सी-३ खालील संस्थेला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहता येत नाही. ही अट १९५४ साली, तेव्हा सिनेटर असलेल्या लिंडन जॉन्सन यांच्या दुरुस्तीने आली. परंतु एखाद्या घटनेविषयी बोलणे, पोलीस खात्याकडे चित्रफीत मागणे किंवा स्वतंत्र चौकशीची मागणी करणे याला ती आड येत नाही. नगर परिषदेने अमुक नियम करावा, असा आग्रह धरणे हे कायदा घडवण्याच्या प्रयत्नांत मोडते, पण तेही मर्यादेत चालते. करखात्याकडे फॉर्म ५७६८ भरला, तर वर्षाला पाच लाख डॉलरपर्यंत खर्च असलेल्या संस्थेला त्यातील २० टक्के रक्कम या कामावर वापरता येते. हा एका पानाचा फॉर्म बहुतेक संस्था भरतच नाहीत आणि मग कायद्याच्या नावाखाली गप्प बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शहरात निवडणूक तोंडावर असेल, तर मजकूर एकदा वकिलाला दाखवावा, एवढी काळजी पुरे.

आता आलेल्या पैशांविषयी. मिनेसोटा फ्रीडम फंड ही गरिबांचा जामीन भरणारी छोटी संस्था २०२० पूर्वी जेमतेम एका पूर्णवेळ कर्मचाऱ्यावर चालत होती. मे महिन्याच्या अखेरीस तिचे नाव देशभर पसरले आणि काही आठवड्यांत तीन कोटी डॉलरहून अधिक देणग्या आल्या. जूनच्या मध्यास जामिनावर सुमारे दोन लाख डॉलर खर्च झाल्याचे कळले, तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठली. मला ती टीका अर्धीच पटली, कारण जामीन लागणारी माणसे मोजकीच होती आणि घाईने उडवलेला पैसा हा काही न्याय नव्हे. आम्हाला आता पुरेसे आहे, इतर कृष्णवर्णीय संघटनांना द्या, असे त्यांनी लोकांना सांगितले होते, आणि ते मला प्रामाणिक वाटले. चूक कुठे झाली म्हणाल, तर पैसा कोण आणि कसा खर्च करणार हे तो येण्याआधी ठरलेले नव्हते.

म्हणून उद्याच्या उद्या स्वतंत्र खाते नोंदवा. ज्यांनी त्या कुटुंबासाठी म्हणून पैसे पाठवले आहेत, त्यांचा एक डॉलरही शिध्याच्या खर्चात मिसळू नका. निर्णय घेणाऱ्या तीन-चार जणांत त्या चार चौकांतील माणसे बहुसंख्य असू द्या.

मध्यममार्गी यांचा अनुभव खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण एका देणगीदाराच्या मर्जीवर वर्ग उभा असेल, तर तो धोका निवेदनाच्या आधीपासूनच ताळेबंदात बसलेला असतो.

निळी शाई

मी नागपूरची आहे, सध्या न्यू जर्सीत असते. "मला किती अधिकार आहे" या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांसाठी कृष्णवर्णीय लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, माणसे गमावली. मूळ देशानुसार ठरलेला कोटा मोडणारा स्थलांतर कायदा त्याच १९६५ च्या ऑक्टोबरात झाला, आणि तो त्याच लाटेवर झाला. आपल्यापैकी बहुतेकांची येथील घरे त्या दारातून आत आली आहेत. या अर्थाने तुमचा संबंध अधिकाराचा नाही, ऋणाचा आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य दाखवले. तेव्हा मराठी माणसाला हा विषय परका नाही.

मात्र एक विनंती आहे. निवेदनात आपल्या समाजाविषयीही एक वाक्य असू द्या. आपल्याच कार्यक्रमांत कृष्णवर्णीय वस्तीला "तो भाग चांगला नाही" म्हणताना मी किती वेळा ऐकले आहे, आणि जातीविषयी अगदी त्याच सुरात बोललेले मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नऊ विश्वस्तांत एकच कृष्णवर्णीय, हे तुम्ही आपणहून लिहिले, म्हणून मला तुमच्याशी असे बोलता येते. ती जागा याच वर्षी बदला, आणि तारीख ठरवून बदला.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. लेकस्ट्रीटकर यांच्या सांगण्यावरून मी शिधावाटप सांभाळणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आधी त्याच्या आईला विचार." मग आम्ही दोघी काल त्यांच्या घरी गेलो. निवेदनात मुलाचे नाव असलेच पाहिजे, असे मी मनाशी ठरवून गेले होते. आईने शांतपणे सांगितले, की वकिलांनी सांगेपर्यंत नाव कोठेही लिहू नका. लोक फोन करतात, फुले ठेवून जातात, पण मला त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची ताकद नाही, असेही त्या म्हणाल्या. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: शनिवारी प्रार्थनेसाठी आमचे सभागृह, पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जाण्यायेण्याची सोय, आणि धाकट्याला वर्गात कोणी काही विचारू नये.

खाते आज सकाळी वेगळे केले. त्याच्या समितीत पाच जण असतील आणि त्यांतील तिघे त्याच रस्त्यावर राहणारे आहेत. फॉर्म ५७६८ खजिनदारांनी स्वतः मागून घेतला. एका विश्वस्तांनी आपली जागा सोडण्याची तयारी दाखवली आहे आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरली आहे. निवेदन आता पाच ओळींचे आहे. त्यात नाव नाही, पण "आमच्या मंगळवारच्या वर्गातील एका मुलाचा मोठा भाऊ पोलिसांच्या गोळीने मारला गेला" हे पहिले वाक्य आहे आणि चित्रफीत जाहीर करण्याची मागणी शेवटचे. ते आईला वाचून दाखवले. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला: आम्ही "तरुण" लिहिले होते, त्यांना "मुलगा" हवे होते.

मध्यममार्गी, तुमचा शनिवारचा वर्ग मी विसरणार नाही. आमच्या मोठ्या देणगीदारांना मी स्वतः, निवेदन बाहेर पडण्याआधी, एकेकाला फोन करणार आहे.