कबर उकरली, तरी फुलं येतच राहिली
‘मेणबत्त्या लावून, फुलं वाहून हुकूमशाहीला काय फरक पडतो?’ असं बरेचजण विचारतात. पुण्यात अलका चौकात आपण मेणबत्त्या लावतो तेव्हा पोलीस कडेला चहा पीत असतात, त्यामुळे तसं वाटणारच. पण कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागचा यान पालाख बघा. सोव्हिएत आक्रमणानंतर लोक गप्प बसू लागले म्हणून या विद्यार्थ्याने जानेवारी १९६९ मध्ये स्वतःला पेटवून घेतलं. कबरीवर फुलं थांबेनात, तेव्हा १९७३ मध्ये गुप्त पोलिसांनी त्याचे अवशेष उकरून जाळले आणि त्या जागी भलत्याच बाईला पुरलं. काय ही धास्ती! लोक तरी यायचेच. १९८९ च्या विसाव्या स्मृतिदिनाला जमलेल्यांवर लाठ्या आणि पाण्याचे फवारे. राजवटीचे विरोधक असलेले नाटककार वाच्लाव हावेल यांना तर नऊ महिन्यांची शिक्षा ठोठावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कम्युनिस्ट राजवट गडगडली. फुलांमुळेच, असं नाही म्हणत मी. सोव्हिएत नेते गोर्बाचोव्हनी अशा राजवटींना पाठबळ देताना हात आखडता घेतला होता, तेही होतंच.