थीटा-फायचा तक्ता पाठ करायचा, की सोलापुरात उभं राहून दिशा बघायच्या? (बोलणाऱ्यांची नावं सोलापुरातल्या त्यांच्या भागांवरून.)

सात रस्ता: काल इथं एकानं बीएस्सीच्या पोरांना सल्ला दिला, ‘गोलीय निर्देशकांतले एकक सदिश समजून घेत बसू नका, नऊ खान्यांचा तक्ता पाठ करा, मार्क पडतात.’ गोलीय निर्देशक म्हणजे केंद्रापासूनचं अंतर आर आणि थीटा, फाय हे दोन कोन यांवरून जागा सांगायची रीत; एकक सदिश म्हणजे त्या तिघांच्या दिशा दाखवणारे, एक लांबीचे बाण; आणि तक्ता म्हणजे ते बाण एक्स, वाय, झेडमध्ये लिहिलेले. तेव्हापासून डोकं तापलंय. अहो, विजापूर वेशीत जाऊन उभे राहा. पृथ्वीच्या केंद्रातून निघून तुमच्या डोक्यावर सरळ जाते ती आरची दिशा. थीटा उत्तर ध्रुवाच्या बाजूनं मोजतात, तो वाढला की तुम्ही दक्षिणेला सरकता. म्हणजे थीटाचा बाण विजापूरकडे. फाय म्हणजे अक्षाभोवती फिरणारा कोन, त्याचा बाण पूर्वेला, हैदराबादच्या अंगाला. तिन्ही एकमेकांशी काटकोनात. आणि खरी गोम पुढंच आहे. जागा बदलली की हे बाण वळतात. आपल्याच अक्षांशावर पृथ्वीच्या पलीकडे, मेक्सिकोजवळच्या समुद्रात, पूर्वेचा बाण आपल्या पूर्वेच्या बरोबर उलटा असतो. पाठ करणारा पोरगा हे बाण स्थिर धरतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळं सोलापूरचा वेग किती, असं विचारलं तर आर बदलत नाही म्हणून शून्य सांगतो. आपण तर ताशी जवळपास १६०० किलोमीटरनं फिरतोय!

जुळे सोलापूर: सल्ला माझा होता. रात्रपाळीला यंत्रमागावर उभा राहून मी बीएस्सी केली. तो तक्ता खिशात घडी करून ठेवलेला असायचा, धोटा बदलता बदलता घोकायचो. आमच्या सरांनी फळ्यावर तक्ता लिहिला आणि तास संपवला. विजापूर-हैदराबाद कुणी दाखवलं नाही. उपाशी माणसाला पंगतीची रीत शिकवू नका.

विजापूर वेस: तुम्ही दोघं उगाच भांडालाय. मूळ घोटाळा अक्षरांचा आहे. भौतिकशास्त्रात थीटा ध्रुवाकडून आणि फाय गोल फिरणारा, गणिताच्या तासाला नेमकं उलटं. एकाच दिवशी दोन्ही तास! माझं सगळं उत्तर बरोबर होतं, फक्त अक्षरं गणितातली. तपासणाऱ्यानं आडवी रेघ मारली. दहा वर्षं झाली, ती रेघ अजून दिसते.

रेल्वे लाईन्स: गणित शिकवते, म्हणून बोलते. सपाट कागदावरच्या ध्रुवीय निर्देशकांत, म्हणजे अंतर आणि एक कोन यांनी जागा सांगताना, थीटा एक्स अक्षापासून फिरतो, मुलं तोच आधी शिकतात. त्रिमितीत गेल्यावर त्याच कोनाचं नाव का बदलायचं? आमच्या पद्धतीला कारण आहे.

विजापूर वेस: मॅडम, मग आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकात थीटा ध्रुवाकडूनच का मोजलाय? जगानं एकदा ठरवलंय ना?

रेल्वे लाईन्स: मानकानं ठरवलं म्हणून कारण खोटं ठरत नाही. आणि भूगोलवाले तर अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात, त्यांना कोण विचारतं?

आसरा चौक: अक्षरांवरून तंटा किती बे! उत्तराच्या पहिल्या ओळीत ‘थीटा झेड अक्षापासून’, म्हणजे ध्रुवाकडून, एवढं लिहा. आकृती काढा. मी तपासते, आकृती असली की मार्क कापत नाही.

विजापूर वेस: तुम्ही नाही कापत. माझे कापले.

सात रस्ता: जुळे सोलापूर, तुमच्या सरांनी दाखवलं नाही हे वाईटच झालं, तिथं माझं बोलणं चुकलं. पण म्हणून पुढच्या पोरांनाही उपाशीच ठेवायचं?

जुळे सोलापूर: बरं. मग पूर्वेकडचं अंतर काढताना तो साइन थीटा कुठून घुसतो ते सांगा. तक्त्यातून मला कधीच कळला नाही.

सात रस्ता: सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश, तो नव्वदातून वजा केला की थीटा ७२.३. एक अंश दक्षिणेला गेलात तर सुमारे १११ किलोमीटर. पूर्वेला मात्र तुम्ही लहान वर्तुळावर चालता. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या अक्षापासूनचं अंतर, आर गुणिले साइन थीटा. साइन ७२.३ म्हणजे ०.९५३. १११ला त्यानं गुणून बघा, पूर्वेच्या एका अंशाचं अंतर मिळेल.

जुळे सोलापूर: १०६. म्हणजे ध्रुवावर शून्यच होणार, तिथं पूर्वच उरत नाही. बसतंय. तरी परीक्षेच्या आदल्या रात्री मी पोरांना तक्ताच देणार.

सात रस्ता: द्या. त्याच्या मागच्या बाजूला विजापूर वेशीतले तीन बाण काढून द्या.