महापूर अलमट्टीमुळं येतो, असं किती वर्षं म्हणायचं?

कृष्णाकाठ:
जुलै लागला की सांगली-कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणात पाणी किती झालं? मोर्चे त्यावर, निवेदनं त्यावर, भाषणंही त्यावरच. या एका प्रश्नाला चिकटून बसल्यामुळं आपण आपल्याच गावात काय चाललंय ते बघायचं सोडलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका, पाणी 55 च्या वर. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, तिथंच 56 फूट ओलांडले. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2020 मध्ये अहवाल आला, त्यात अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं, अलमट्टीवर नाही. आणि 1989 चं काय? तेव्हा अलमट्टीत पाणी अडवायला सुरुवातही झाली नव्हती. तरी कोल्हापूरजवळची चिखली-आंबेवाडी पाण्यात गेलीच ना?

निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत शेती, बाग, मैदान असावं, एवढा साधा नियम. आता कोल्हापुरात जयंती नाल्याच्या कडेनं एकदा चालत जाऊन बघा. ज्यानं दहा-बारा फूट भराव टाकून इमारत उभी केली, त्याचं तळघरसुद्धा कोरडं राहतं. तेवढं पाणी मग शेजारच्या जुन्या घरांत शिरतं. हे कर्नाटकानं केलेलं नाही.

शिरोळकर:
अहवाल आम्हीही वाचलाय. पण दादा, तुम्ही पूर कोल्हापुरातून बघताय. आमच्या शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला येऊन बघा. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाटच नसते, ती मागं पसरते. आमचे वडीलधारे सांगतात, पूर पूर्वीही यायचा, दोन-तीन दिवसांत ओसरायचा, गाळ टाकून जायचा आणि ऊस उलट जोमानं यायचा. 2019 ला आठवडा उलटला तरी शेतात पाणी होतं. उसाच्या शेंड्यात पाणी शिरलं की कोंब कुजतो, मग तो ऊस कारखाना घेत नाही आणि जनावरही खात नाही.

पाणी चढतं कशानं हा एक प्रश्न. ते उतरत का नाही हा दुसरा, आणि त्याचं उत्तर खालच्या अंगाला आहे. अलमट्टी 519.60 मीटरला भरते, 123 टीएमसी (अब्ज घनफूट). ऐन पावसाळ्यात ती भरत आणायची आणि वर पाऊस कोसळला की धावाधाव करून लाखांनी क्युसेक सोडायचं. ऑगस्ट संपेपर्यंत पातळी 517 च्या आत ठेवा, एवढीच आमची मागणी आहे. कर्नाटकाला तर उंची 524.256 पर्यंत न्यायची आहे. तुमचं बोलणं ऐकून उद्या तिकडचे वकील म्हणतील, बघा, त्यांचीच माणसं कबूल करतात.

निवृत्त पाटबंधारे:
तीस वर्षं या खात्यात काढली, म्हणून थोडं लांबवतो.

सांगली आणि अलमट्टी यांच्यात नदीमार्गानं दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एवढ्या लांबवर धरणातल्या पाण्याचा मागं येणारा फुगवटा पोचतो हे सिद्ध करायचं तर जागोजागी एकाच वेळी घेतलेल्या पातळ्या मांडाव्या लागतील, भाषणानं ते होणार नाही. पण शिरोळकर म्हणतात ती अडचण खरी आहे. घाटातून तीव्र उतारानं आलेली कृष्णा कराड-सांगलीच्या पुढं सपाट होते, नागमोडी जाते, वेग हरवते. अशा नदीत छोट्या अडथळ्याचाही परिणाम मोठा होतो. आणि अडथळे आपण घातलेत. पूल बांधताना दोन्ही बाजूंच्या जोडरस्त्यांना मातीचे उंच भराव घातले. मोऱ्या मोजक्याच ठेवल्या. पूर पात्राबाहेर पसरला की हा भराव आडव्या बंधाऱ्यासारखं काम करतो. कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बेंगळुरू महामार्ग 2019 आणि 2021 दोन्ही वेळा बंद पडला, तिथं जाऊन भरावाच्या दोन्ही अंगांच्या पातळीतला फरक मोजायला हवा. अशा ठिकाणी भराव काढून कमानी घाला, ही मागणी मला अलमट्टीपेक्षा महत्त्वाची वाटते. ती पूर्ण करायला बेंगळुरूला जावं लागत नाही.

धरणं आधीच रिकामी का ठेवली नाहीत, असंही विचारलं जातं. वरच्या अंगाचं कोयना धरण 105 टीएमसीचं. जुलैअखेर ते भरत आलं आणि त्यानंतर आठवडाभर वर नवजा-महाबळेश्वरला पाऊस थांबलाच नाही, तर दरवाजे उचलण्यावाचून पर्याय उरत नाही. पुरासाठी मोकळी जागा राखून ठेवता येते, पण मग पुढं पाऊस ओढला तर शेतकरी आणि वीज, दोघांनाही उत्तर द्यावं लागतं.

जतवाला:
साहेबांनी शेवटी जे लिहिलं ते मोठ्यानं सांगायला हवं. 2019 च्या त्याच ऑगस्टमध्ये सांगली पाण्यात होती आणि त्याच जिल्ह्यातल्या आमच्या जत तालुक्यात टँकर फिरत होते. धरण रिकामं ठेवा म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये पाऊस न आल्यास आमच्या जनावरांचं काय करायचं तेही लिहावं. पुराचं पाणी पूर्वेकडं वळवायच्या घोषणा ऐकून आमचे केस पांढरे झाले.

सूर्यवंशी प्लॉट:
मी सांगलीत दरवर्षी सगळ्यात आधी पाणी येतं त्या भागात राहते. कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा बरोबर असेल, पण 'अतिक्रमण' म्हणताना तुम्ही आम्हालाही त्यातच धरता, त्याचा मला राग येतो. आमची जागा गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेली. सासऱ्यांनी आयुष्यभराची कमाई घालून घेतली. घरपट्टीची पावती आली, नळ आला, मीटर बसला. ही जागा पुराची आहे, असं पैसे घेताना कुणीही सांगितलं नाही. 2001 साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा झाला तेव्हा वाटलं, आता घर आपलं झालं. निळी रेषा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पुराच्या पंचनाम्यात.

पाणी ओसरल्यावर दार उघडत नव्हतं, आतून चिखलानं दाबलेलं. शिलाई मशीन गेलं, त्यावर घर चालत होतं. लोकांचे शिवायला आलेले कपडे गेले, ते भरून द्यावे लागले. वर मदतीला अट, घर दोन दिवस पाण्याखाली असलं पाहिजे. सासूबाईंनी त्यानंतर पाऊस सुरू झाला की झोपणं सोडलं. पुलाची पातळी तीस फूट झाली तरी त्या गाठोडं बांधून बसतात. हा खर्च कुठल्या पंचनाम्यात धरतात?

प्रयाग चिखली:
ताई, आमच्याकडं तर जागा दिलेली आहे. 1989 नंतर सोनतळीला प्लॉट दिले. लोक पूर आला की तिकडं जातात आणि ओसरला की परत येतात. बाहेरचे म्हणतात, ऐकत नाहीत, हट्टी आहेत. अहो, घर हलवता येतं, पण म्हशी बांधायच्या कुठं, वैरण टाकायची कुठं, पहाटे धार काढून शेतात जायचं ते किती लांबून? गोठ्याची जागा न देता केलेलं पुनर्वसन आमच्या उपयोगाचं नाही. आणि जनावरांसाठी शेवटपर्यंत थांबलं की माणसंही अडकतात. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती अशीच, जीव घेऊन निघालेल्यांनी भरलेली. बायका होत्या, लहान पोरं होती. वेळेवर पुरेशा बोटी असत्या तर त्या एकीत एवढी माणसं चढली नसती.

कृष्णाकाठ:
सूर्यवंशी प्लॉट, तुमचं घर आणि भराव टाकून बांधलेलं मंगल कार्यालय एकच आहे, असं मी मानत नाही. तुम्हाला फसवून जागा विकली, कार्यालयवाल्यानं मात्र जाणूनबुजून पाणी तुमच्याकडं लोटलं. कारवाई होते तेव्हा मात्र आधी पत्र्याची घरं दिसतात, हे मला मान्य आहे. म्हणून माझी मागणी भरावापासून सुरू होते. निळ्या रेषेत भराव टाकायला परवानगी कुणी दिली, कोणत्या साली दिली, सगळ्याची यादी महापालिकांनी गट नंबरासह लावावी. शिरोळकर, अलमट्टीवर मोर्चे काढणाऱ्या तुमच्या समितीनं या मागणीवरही एकदा तरी मोर्चा काढावा.

शिरोळकर:
काढू. पण त्या यादीवरून पहिला जेसीबी कुठं जाणार ते आधी लिहून घ्या, ताईंच्या दारात की मंगल कार्यालयात. आजवर तो कुठं गेलाय ते तुम्हीच लिहिलंय. आणि तोवर 517 ची मागणी मी सोडणार नाही. महामार्गाचा भराव काढला तरी पंचगंगेला पुढं जायला वाट लागतेच, आणि ती वाट आमच्या शिरोळातूनच जाते.