'डेथ ऑफ स्टॅलिन': विनोदी आहे म्हणून तारखा माफ का?

जुनीपोथी:
काल कुणीतरी लिहिलं की 'द डेथ ऑफ स्टॅलिन' या विनोदी पिक्चरमध्ये चुका काढणारे म्हणजे पंगतीत बसून मिठाचं वजन करणारे. मीच तो मीठवाला. तर ऐका. पिक्चरमध्ये स्टॅलिनचा अंत्यविधी उरकतो न उरकतो तोच गुप्त पोलिसांचा म्होरक्या बेरिया याला धरतात, उभ्या उभ्या खटला, गोळी, तिथेच अंगणात जाळला. खरं काय, स्टॅलिन गेला ५ मार्च १९५३ ला, बेरियाला पकडला २६ जूनला आणि मारला २३ डिसेंबरला. साडेनऊ महिने! नुसती वेळ दाबली असती तर मी गप्प बसलो असतो, पण मधल्या काळात याच माणसाच्या पुढाकाराने दहा लाखांवर कैद्यांना माफी मिळाली, डॉक्टरांवरचं, नेत्यांना मारायच्या कटाचं कुभांड गुंडाळलं गेलं, आणि पिक्चरमध्ये ती दोन दिवसांची चलाखी वाटते. मोलोटोव्ह परराष्ट्रमंत्री दाखवलाय, त्याला १९४९ लाच काढलेला. गुप्त पोलिसांना पिक्चरमध्ये 'एनकेव्हीडी' म्हणतात, ते नाव १९४६ लाच बदललं. स्टॅलिनचा पोरगा वासिली, त्याच्या हॉकी टीमचं विमान पडलं जानेवारी १९५० मध्ये, इथे तो १९५३ मध्ये बर्फावर नवी पोरं उभी करून लपवाछपवी करतोय. आता म्हणा, खडूस.

बिनकामाचा_बाळू:
खडूस. मिठाचं मीच लिहिलेलं.
अरे बाबा, दारावरचे ते दोन पहारेकरी आठव. आत धप्पकन आवाज होतो, एक म्हणतो बघूया का, दुसरा त्याला गप्प करतो, आणि म्हातारा मुतात पडून राहतो. पहारेकरी घाबरून आत गेले नाहीत हे खरंच घडलंय ना? भीती बरोबर पकडली की झालं. तारखा पाहिजेत तर सनावळी घेऊन बस. रशियाने रिलीजच्या दोन दिवस आधी परवाना काढून घेतला, जानेवारी २०१८ मध्ये. ते काय हॉकीची तारीख चुकली म्हणून?

जवसाची_चटणी:
तारखांचं जाऊ द्या हो. मला त्या बोलीचं सांगा. स्टॅलिन ईस्ट लंडनच्या हेलात, सेनापती झुकोव्ह उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा, स्टॅलिननंतर सत्तेत आलेला ख्रुश्चेव्ह सरळ अमेरिकन. लोक म्हणतात काय धमाल. आपल्याकडे डब केला तर काय होईल माहितीये, झुकोव्हला कोल्हापुरी देतील, पहारेकऱ्यांना वऱ्हाडी, म्हणजे तोंड उघडताच पब्लिक हसायला मोकळं. कॉलेजच्या नाटकात मला राजा करायचा होता, वाचनात मीच बरा होतो, तरी सर म्हणाले तुझा 'ण' कच्चा आहे, हवालदार कर. एंट्रीला 'पानी आनू का साहेब' म्हटलं आन् अख्खं थेटर हसलं. त्यात विनोद कुठे होता भाऊ? आमच्या घरी पानीच म्हणतात.

जुनीपोथी:
विषय स्टॅलिनचा आहे, तुमच्या गॅदरिंगचा नाही.

जवसाची_चटणी:
हेच! आमचं काही निघालं की विषयांतर, तुमचं निघालं की अभ्यास.

मधलीसुट्टी:
जवस बरोबर बोलतोय. आणि पोथीकाका, स्टॅलिनची रशियनही जॉर्जियन हेलाचीच होती, त्यामुळे तो वेगळा हेल ही चूक नाही, उलट अचूक आहे.

जुनीपोथी:
मग बेरियाही जॉर्जियाचाच. तो साहेबी इंग्रजी का बोलतो? बघा, तुमच्याच नियमाने अजून एक चूक सापडली, धन्यवाद.

बिनकामाचा_बाळू:
याला कुणीतरी हेडमास्तर करा रे. आयुष्यात कधी नुसता हसलायस का?

जुनीपोथी:
हसलोय म्हणूनच चिडलोय, कळत कसं नाही! बेरियावरचा खरा खटला जास्त विनोदी होता. १ डिसेंबर १९३४ चा कायदा लावला, वकील नाही, अपील नाही, निकाल लागला की लगेच गोळी. याच कायद्याने त्याच्या खात्याने किती लोक संपवले. आणि तो लावला महिनोन् महिने चौकशी करून, कागद रंगवून, शिक्के मारून. ती फाइल दाखवली असती तर पोट धरून हसलो असतो. घाईत उरकल्यामुळे वाटतं, चार घाबरलेल्या माणसांनी गडबडीत मारला. गडबड नव्हती ती.

बिनकामाचा_बाळू:
हं. हे आधी सांगितलं असतंस तर मिठाचं लिहिलं नसतं. फाइलचं मान्य, मोठे व्हा. हॉकीचं नाही, हॉकी मस्त आहे.

मधलीसुट्टी:
पण डबिंगचं राहिलंच. बेरियाला कुठली बोली?

जवसाची_चटणी:
प्रमाण. एकदम शुद्ध, 'ण' ठणठणीत. 'आपणांस कळविण्यात येते की' म्हणत यादी वाचणाऱ्याचंच मला तरी भ्या वाटते.