गटात गप्पा सुरू करून देणारे प्रश्नखेळ : तुमचे अनुभव सांगा

'ओळख करून द्या' म्हटलं की माणसं नाव आणि काम सांगतात आणि गप्प बसतात. ही कोंडी फोडायला तुम्ही कोणता प्रश्नखेळ खेळलात? जमला का, की फसला? प्रश्नांच्या याद्या ढिगाने मिळतात, त्या नकोत. प्रत्यक्षात काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करते. माझा हुकमी खेळ 'दोन खरं, एक खोटं'. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन विधानं करायची, बाकीच्यांनी खोटं ओळखायचं. यात पहिला नमुना फार महत्त्वाचा. यजमानाने 'मी हिमशिखर सर केलंय' असं काही सांगितलं की पुढचे सगळे बिचकतात, सांगण्यासारखं आपल्याकडे आहेच काय म्हणून. मी मुद्दाम साधं सांगते : 'मला शिट्टी वाजवता येत नाही', 'मी लिफ्टमध्ये अडकले होते', 'मी दोन्ही हातांनी लिहिते'. मग लोक सैलावतात. खरी मजा खोटं पकडण्यात नसते. 'अडकलात? मग पुढे?' इथून गप्पा सुटतात. सहा-सात जणांपर्यंतच ठीक, त्याहून जास्त असतील तर गट पाडावेत.

*

मी मितभाषी आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. गोल करून एकेकाने बोलायचं असलं की माझी पाळी येईपर्यंत शेजारचा काय बोलला ते मला ऐकूच येत नाही. डोक्यात आपलंच उत्तर घोळत असतं. प्रश्न आधी सांगा, 'पास' म्हणायची मुभा द्या आणि पास म्हटल्यावर 'अरे बोल की!' असा आग्रह धरू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ.

*

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. असं होतं हे मानसशास्त्रात नोंदलेलंही आहे. १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी दाखवलं की आपल्या पाळीच्या लगेच आधी जे बोललं गेलं, ते आपल्याला कमी आठवतं. म्हणून मी क्रमच ठेवत नाही. 'हे की ते' खेळताना खोलीच्या दोन बाजू ठरवतो. भूतकाळात जायला मिळालं तर या भिंतीकडे, भविष्यात जायचं असेल तर त्या. आधी नुसतं चालत जाऊन उभं राहायचं, बोलायची सक्ती नाही. एका बाजूला एकटाच कुणी उभा राहिला की सगळ्यांना त्याचं कारण ऐकायचं असतं, आणि तोही खुशीत सांगतो.

*

लहान-मोठे एकत्र असले तर 'वीस प्रश्न'. एकाने मनात वस्तू धरायची, बाकीच्यांनी हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे. प्रत्येक प्रश्नाने शक्यता बरोबर निम्म्या झाल्या तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून अधिक गोष्टींतून एक नेमकी सापडते. पोरं मात्र पहिल्याच झटक्यात 'हत्ती?' विचारून मोकळी होतात! आमच्याकडे एकदा 'बी' ही वस्तू होती आणि 'सजीव आहे का?' यावर जी जुंपली, त्यात खेळ राहिला बाजूला. मला तर तेच हवं होतं.

*

मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांचे ३६ प्रश्न कुणी गटात वापरलेत का? १९९७च्या त्या शोधनिबंधामागचा हेतू अनोळखी दोघांत जवळीक निर्माण करता येते का हे पाहण्याचा होता. प्रेम जमवण्याचा नुस्खा ही ख्याती नंतरची. प्रश्नांचे तीन संच आहेत आणि ते उत्तरोत्तर खोल जातात. मी गटात फक्त पहिला संच घेते. त्यातला 'फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात तालीम करता का?' हा माझा लाडका. जवळजवळ सगळेच करतात, पण कबूल कुणी केलेलं नसतं. तिसऱ्या संचात मृत्यू, रडणं असले विषय येतात. ते दोघांतच बरे.

*

फसलेला खेळ : 'मी कधीच अमुक केलं नाही.' वाक्य ऐकून ज्यांनी ते केलंय त्यांनी बोट दुमडायचं. मित्रांत धमाल येते. पण ऑफिसच्या गटात साहेब बसलेले असताना कुणीतरी 'खोटी आजारपणाची रजा कधीच घेतली नाही' म्हणालं आणि सगळी बोटं ताठ. पुढची दहा मिनिटं सगळेच सभ्य होते. ज्याच्या हातात दुसऱ्याची बढती आहे तो खोलीत असेल, तर कबुलीचे खेळ नकोतच.

आणखी एक. 'सर्वांत आवडता चित्रपट कोणता?' असं विचारलं की माणूस अडकतो, कारण त्याला मनात अख्खी क्रमवारी लावावी लागते. 'अलीकडे काय अर्धवट सोडलंत?' विचारून बघा. उत्तर लगेच येतं, आणि का सोडलं हेही न विचारता सांगितलं जातं.

*

ऑनलाइन बैठकीसाठी : हाताला येईल ती वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची आणि ती तिथे कशी आली ते सांगायचं. तयारी शून्य. माईक बंद ठेवणारेही निदान वस्तू दाखवतात, मग दुसराच कुणीतरी विचारतो, 'हे काय आहे हो?'